नऊ नंबरचं कुलूप

१

रोज सकाळी पावणेसातला मी खटक्यांची खोली उघडतो. खोली म्हणजे पत्र्याची टपरीच. एका भिंतीला ओळीनं बारा खटके, बारा कोठ्यांचे. समोरच्या भिंतीला चार खिळे आणि त्यांना टांगलेली आमची कुलपं. ऑफिसात जाऊन किटली लावायच्या आधी मी ही कुलपं बघतो. देवाला हात जोडल्याशिवाय चहाला न शिवणारी माणसं असतात, त्यातलाच हा प्रकार.

आमच्याकडे कुलूप चोरासाठी नसतं. धान्याच्या कोठीत उतरायचं तर आधी तिचा खटका पाडायचा, त्याच्या दांड्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची. दोघं उतरणार असतील तर दोन कुलपं. कुलूप आहे तोवर खटका वर होत नाही, आणि खटका वर झाल्याशिवाय कोठीच्या तळातला धान्य ओढणारा मोठा मळसूत्री स्क्रू फिरत नाही. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. साहेब येवो, मंत्री येवो, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही.

चार खिळ्यांपैकी पहिल्यावर माझं पितळी कुलूप, दुसऱ्यावर जोसेटचं हिरवं, तिसऱ्यावर गार्थसाहेबाचं काळं, जे तीन वर्षांत खिळ्यावरून हललेलं नाही. साहेब कोठीत उतरत नाहीत, त्यांच्या गुडघ्यांना ते सोसत नाही. चौथा खिळा सहा वर्षं रिकामा आहे. तो उपटायचं माझ्या मनात पुष्कळदा आलं, पण पक्कड हातात घेतली की नेमकं दुसरं काहीतरी काम आठवायचं.

त्या मंगळवारी आमची तिन्ही कुलपं आपापल्या जागी होती. आणि नऊ नंबरचा खटका पाडलेला होता, त्याला लाल कुलूप लागलेलं होतं.

आदल्या संध्याकाळी पाच वाजता तो खटका मी स्वतः वर बघितला होता. दिवसभर आम्ही नऊ नंबरमधला जवस काढत होतो. मी पुढे होऊन वाकून बघितलं. बाहेर उणे एकतीस होतं आणि खोलीतल्या सगळ्या लोखंडावर रात्रीत पांढरा थर धरला होता. कुलपावरही होता. जाड, सारखा, कुणाचं बोट न लागलेला. म्हणजे सकाळी येऊन कुणी लावलेलं ते नव्हतं. खालच्या बाजूला गुलाबी नखपॉलिशचा ठिपका होता.

हे कुलूप मी सहा वर्षांपूर्वी कापलं होतं.

२

ओरेस्ट पिधिर्नी अकरा वर्षं माझा जोडीदार होता. कामाला वाघ, पण विसराळू. कोठीतून बाहेर यायचा, कपडे झटकायचा आणि कुलूप तसंच ठेवून घरी जायचा. मग मी गाडी काढून अकरा किलोमीटर त्याच्या घरी जाऊन किल्ली आणायची. हा पठ्ठ्या दारात उभा राहून हसणार.

"अरे नेस्टर! ये, ये, चहा घेऊन जा."

"चहा घाल चुलीत. किल्ली दे."

"आलाच आहेस तर बस की जरा. स्लावकानं पिरोगी केल्यात."

आणि मी बसायचो. स्लावका म्हणजे त्याची बायको. तिच्या हातच्या त्या बटाटा भरलेल्या पिरोगी सोडून उठणारा माणूस आमच्या गावात जन्मलेला नाही. कुलपाला ओळख राहावी म्हणून त्यांच्या धाकट्या पोरीनं त्यावर आपल्या नखपॉलिशचा ठिपका दिला होता. ओळख राहिली. आठवण काही राहिली नाही. सहा वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात त्यानं तीनदा हेच केलं.

चौथ्यांदाही तेच झालं असं मला वाटलं. दुपारचे तीन वाजले होते, नऊ नंबरला त्याचं कुलूप आणि अंगणात त्याची गाडी नाही. घरी फोन केला, वाजत राहिला. कोठीच्या पत्र्यावर पान्यानं तीन ठोके दिले. ही आमच्या सास्काचेवानच्या ह्या कोपऱ्यातली जुनी पद्धत आहे. बाहेरच्यानं तीन द्यायचे, आत कुणी असेल तर त्यानं तीन उत्तर द्यायचे. उत्तर आलं नाही. तेव्हाच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, तो बाहेर आहे याची खात्री आहे? मी म्हणालो, आहे. कुलूप कापलं, खटका वर केला.

त्याची गाडी दुपारीच स्लावका घेऊन गेली होती, पोरीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला. ओरेस्ट आत होता.

हे सगळं मी चौकशीत सांगितलं. शब्द न् शब्द खरा होता, एक वाक्य सोडून. चौकशीवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चर्चमधल्या फादरनं माफ केलं. स्लावकाकडे गेलो तर माफी मागायला तोंड उघडायच्या आत तिनं मलाच जवळ घेतलं. तेव्हापासून दर नाताळच्या आदल्या रात्री, म्हणजे आमच्या चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे सहा जानेवारीला, मी तिच्याकडे जेवायला असतो. बारा पदार्थ असतात, मध-खसखशीची गव्हाची खीर असते, आणि गेलेल्या माणसासाठी एक जादा ताट मांडलेलं असतं. जागा कमी, म्हणून मला त्या ताटासमोरच बसावं लागतं.

ह्या वर्षी खीर वाढताना ती म्हणाली, "ओरेस्ट म्हणायचा, नेस्टर बाहेर असला की मला कोठीत झोपसुद्धा लागेल."

मी चमचा खाली ठेवला. सगळ्यांनी मला माफ केलं होतं. पण ज्या नेस्टरला त्यांनी माफ केलं, तो मी नव्हतोच.

३

"काय मूशूम, आज खटक्यांची पूजा लांबली का?"

जोसेट दारात उभी होती. मूशूम म्हणजे तिच्या आजीच्या मेटी बोलीत आजोबा. सप्टेंबरात कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं मला हे नाव चिकटवलं. वय सव्वीस, अंगानं काडी, आणि जीभ गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी.

"हे तू लावलंस?" मी विचारलं.

ती जवळ आली. "मी का लावू? माझं तिथे आहे. कुणाचं आहे हे?"

तिलाही ते दिसत होतं. मला आधी बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटेनासं झालं. माझ्या एकट्याच्या डोक्यात असतं तर डॉक्टरकडे गेलो असतो, गोळ्या घेतल्या असत्या.

"कुणीतरी थट्टा केली असेल," ती म्हणाली.

"रात्री खोलीला बाहेरून कुलूप असतं. त्याची किल्ली माझ्याकडे आणि साहेबांकडे."

"मग साहेबांनीच केली."

"गार्थनं आयुष्यात कधी थट्टा केल्याचं तू पाहिलंयस?"

तिनं जरा विचार केला. "नाही. त्या माणसाला हसताना दात दुखत असावेत."

तेवढ्यात साहेब आलेच, हातात कागद घेऊन. दोन वाजता रेल्वेचे डबे येणार होते आणि नऊ नंबरच्या भिंतीला जवसाचा हातभर जाडीचा थर चिकटून राहिला होता. जोसेटनं आत जाऊन तो पाडायचा, मग स्क्रू लावून उरलेला माल डब्यात भरायचा, असा बेत होता.

त्यांनी कुलूप बघितलं, आम्हा दोघांकडे बघितलं. "कुणाचं आहे?"

जोसेटनं नकारार्थी मान हलवली.

"तू आत नाहीस, ही आत नाही, मी आत नाही. पगारपत्रकावर चौथं माणूस नाही. मग कापून टाका."

"साहेब, आधी आत बघू या," मी म्हणालो.

"नेस्टर, तुझं मन मी समजू शकतो. पण कुलपाचा मालकच नसेल तर विचारायचं कुणाला?" त्यांनी आवाज खाली आणला. माझ्याशी सगळे गेली सहा वर्षं असाच आवाज खाली आणून बोलतात. "कापायचा फॉर्म दोन सह्यांचा असतो. मी घेऊन येतो. तोवर ती मोठी कात्री काढून ठेव."

ते गेले. कात्री कोपऱ्यातच होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

४

मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. दुकानात लाल कुलपं मिळतात. नखपॉलिशही मिळतं. कापलेल्या कुलपाचे दोन तुकडे चौकशीवाले पिशवीत घालून घेऊन गेले होते, ते परत आले नाहीत, आणि आले असते तरी कापलेलं लोखंड जुळत नाही. म्हणजे हे दुसरं कुलूप. म्हणजे कुणीतरी मला छळतंय. कोण? स्लावका? ती बिचारी डास मारतानासुद्धा मान वळवते. तिची पोर आता शहरात शिकायला आहे.

मी खिशातून चष्मा काढला. कुलपाच्या पाठीवर ओरेस्टनं खिळ्यानं एक रेघ ओढलेली असायची. कोरायला सुरुवात केली होती नावाची, आणि पहिल्याच रेघेला कंटाळला होता. मी नखानं गोठलेला थर खरवडला.

रेघ होती.

"मूशूम," जोसेट हळूच म्हणाली, "तुम्ही पांढरेफटक पडलाय. चला, जरा चहा घेऊ."

"नको. आधी ठोके देऊ."

"आत कुणी नाहीये."

"माहीत आहे मला. देऊ तरी."

तिनं खांदे उडवले, पण आली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला येतात तशी आली.

५

टपरीतून बाहेर पडलं की समोरच नऊ नंबरची कोठी. चार मजली गोल पत्रा. तिचं दार पलीकडच्या अंगाला आहे, वाऱ्याच्या तोंडाला, इथून दिसत नाही. पान्यानं मी तीन ठोके दिले. पत्रा वरपर्यंत थरथरला आणि शांत झाला.

आम्ही थांबलो. वारा शेतांवरून सरळ येत होता, मध्ये अडवायला झाडसुद्धा नाही. जोसेट पाय आपटत होती.

मग आतून आला. एक. सावकाश, खालून, गुडघ्याच्या उंचीवरून आल्यासारखा. मग दुसरा.

तिसऱ्यासाठी मी श्वास धरला. आला नाही.

जोसेटचे पाय थांबले होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझी समजूत घालत म्हणाली, "थंडीनं पत्रा वाजतो, मूशूम."

मी तिथेच बर्फात खाली बसलो. तिनं वाकून माझा खांदा धरला.

"अहो! काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"हेच," मी म्हणालो. "हेच वाक्य."

"कुठलं वाक्य?"

"त्या दिवशी मी स्वतःला हेच म्हणालो होतो. थंडीनं पत्रा वाजतो."

तिला समजायला थोडा वेळ लागला. ओरेस्टची गोष्ट तिला माहीत होती, गावात कुणाला माहीत नाही. पण गावाला माहीत असलेल्या गोष्टीत उत्तर आलेलं नव्हतं.

"म्हणजे त्या दिवशी आतून आवाज आला होता?"

"दोन ठोके. तिसरा येईपर्यंत मी थांबलो नाही."

"का?"

सहा वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वाट बघत होतो, आणि विचारू नये म्हणूनही. उत्तर मात्र तयार होतं.

"वैतागलो होतो. थंडीला वैतागलो होतो, त्याला वैतागलो होतो. चौथ्यांदा विसरला म्हणून मनातल्या मनात शिव्या देत होतो. कापू दे एकदा, म्हणजे उद्या नवीन कुलूप घेताना डोळे उघडतील, असं वाटलं. दार पलीकडे आहे. वीस पावलं. गेलो असतो तर उघडं दिसलं असतं. वारा तोंडावर येतो म्हणून गेलो नाही."

तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"चार महिने मी तुमच्या भरवशावर आत उतरतेय."

"हो."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय."

"कुणालाच सांगितलं नव्हतं, जोसेट."

"मी कुणीतरी नाहीये, मूशूम. मी आत असते!"

मला लाज वाटली. चौकशीत, चर्चमध्ये, स्लावकाच्या ताटावर बसून जी वाटली नव्हती, ती सगळी एकदम वाटली.

६

ती टपरीपर्यंत चालत गेली आणि परत आली. तिचे डोळे लाल झाले होते, वाऱ्यानं की रागानं ते कळत नव्हतं.

"मी उतरणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर असताना तर नाहीच."

"बरोबर आहे तुझं. मी उतरतो."

"आणि मी?"

"बाहेर थांब. थोड्या वेळानं तीन ठोके दे. माझे तीन परत येतात का ते ऐक."

"साहेब कात्री घेऊन बसले तर?"

"माझं कुलूप राहील ना. एक तरी राहील."

आम्ही आत गेलो. मी खिळ्यावरचं पितळी कुलूप काढलं आणि नऊ नंबरच्या दांड्यात लाल कुलपाच्या शेजारी घातलं. दोन्ही एकमेकांना लागून हलली आणि खण्ण वाजली. अकरा वर्षं तो आवाज रोज ऐकला होता मी. दोघं आत जाणार असलो की असाच वाजायचा.

जोसेटनं कुलूप ओढून बघितलं. माझं. लाल कुलपाला तिनं हात लावला नाही.

मी वीस पावलं चाललो. खरंच वीसच आहेत. मोजली.

७

बुटकं दार ओढून मी वाकून आत शिरलो. दार उघडंच ठेवलं. जमिनीवर चौकोनी उजेड पडला, बाकी सगळा अंधार, आणि फार वर छताच्या झाकणाच्या फटीतून पांढरी रेघ. पायाखाली जवस. जवस पाण्यासारखा पळतो, गहू निदान पाय धरून ठेवतो. एकेक पाऊल चाचपत मी पुढे झालो. भिंतीला चिकटलेला थर डोक्याच्या वर होता. त्याच्याखाली उभं राहायचं नाही हे मी स्वतः जोसेटला शिकवलं होतं, म्हणून मधोमध थांबलो.

कोठी रिकामी होती. मी ते स्वतःला मोठ्यानं सांगितलं, "रिकामी आहे." शब्द भिंतीभोवती फिरून परत माझ्याकडे आले.

मग बाहेरून जोसेटचे तीन ठोके आले. आतून ते किती मोठे ऐकू येतात हे मी विसरलो होतो. छातीतच वाजल्यासारखे. म्हणजे माझेही त्या दिवशी असेच ऐकू आले असणार. त्याला कळलं असणार की नेस्टर आलाय, आता काळजी नाही.

मी उत्तर द्यायला पाना उचलला.

माझ्या डाव्या हाताला, दोन पावलांवर, कुणीतरी पत्र्यावर ठोका दिला. मग दुसरा. घाई नाही, भीती नाही. कामात असताना देतात तसे, हातातलं काम न थांबवता.

मी वळलो नाही. मला वळवलंच नाही. तिसरा ठोका यायचा होता आणि तो येईपर्यंत जग थांबायला हवं होतं. तेवढ्यात बाहेरून, टपरीच्या बाजूनं, आवाज आला. कट्.

तो आवाज मी ओळखतो. मोठी कात्री कुलपाच्या दांड्यातून पार गेल्याचा. वीस पावलं लांबून, पत्र्याच्या भिंतीतून तो ऐकू येणं शक्य नाही, हे माझी अक्कल मला सांगत होती. पण त्या दिवशी तो आतून ऐकू आला असेल का, असं मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

मग खटका वर गेल्याचा आवाज आला.

माझं कुलूप होतं ना! मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आवाज निघेना. शेजारचा माणूसही ओरडला नाही. तो स्तब्ध झाला होता, एवढंच मला कळलं. ठोका द्यायला उचललेला हात तसाच वर धरून, काय झालं ते न समजून, तो बाहेरच्या माणसाची वाट बघत होता. माझी. पायाखालचा जवस एकेक दाणा करून हलू लागला असं मला वाटलं. मी डोळे मिटले.

दारातला उजेड गेला.

८

"दोनच आले," जोसेट म्हणाली.

मी डोळे उघडले. ती दारात ओणवी होती, म्हणून अंधार झाला होता. धापा टाकत होती. पळत आली होती.

"तिसरा आला नाही. म्हणून बघायला आले."

एवढंच होतं ते. एवढंच करायचं होतं. वारा तोंडावर घ्यायचा आणि वीस पावलं यायचं. मी सहा वर्षांत रडलो नव्हतो. ओरेस्टला मातीत ठेवतानासुद्धा नाही, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. तिथे, जवसात उभा राहून, मी हुंदके देऊन रडलो.

"साहेबांनी कापलं?" मी कसंबसं विचारलं.

"काय कापलं? ते अजून ऑफिसात फॉर्म शोधतायत." तिनं हात आत घातला. "चला."

पण ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या डाव्या खांद्याच्या जरा मागे होती. तिची धाप थांबली, ओठ थोडे उघडे राहिले. घाबरली असावी. तरी तिनं हात मागे घेतला नाही.

"या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फार हळू झाला. "दोघंही या बाहेर."

दार बुटकं आहे, एका वेळी एकच जण मावतो. मी मागे बघितलं नाही. बघायचा मला हक्क होता असं वाटलं नाही. मी बाजूला सरकलो. जवस करकरला, माझ्या पायांखाली नाही. दारातला उजेड एकदा झाकला गेला आणि पुन्हा मोकळा झाला.

मग मी वाकून बाहेर आलो. जोसेटनं मला हात देऊन ओढलं आणि हात सोडला नाही. ती रस्त्याकडे बघत होती. तिकडे पांढऱ्या शेतांमधून सरळ जाणारा आमचा मातीचा रस्ता, आणि त्याच्यावर वाऱ्यानं उडणारा बर्फ. मला दुसरं काही दिसलं नाही.

"तुमचे हात किती गार पडलेत, मूशूम," ती म्हणाली. "त्यांचे केवढे गरम होते."

मी पुन्हा रस्त्याकडे बघितलं. मग विचारलं, "कुठे गेला?"

तिनं हनुवटीनं रस्ता दाखवला. "घराकडे, असं वाटतं. सगळं काम आटोपलेला माणूस जातो तसा गेला."

अकरा किलोमीटर. तिथे पोचून त्याला काय हवं असेल, काय सांगायचं असेल, मला माहीत नव्हतं. मला त्याची भीती वाटत होती, अजूनही वाटते. पण त्या दोन ठोक्यांचं स्लावकाला त्याच्याकडून कळू नये, एवढं मला कळत होतं.

"स्लावका या वेळी घरी असते," मी म्हणालो. "सोडशील मला तिथे? आज मला गाडी चालवता यायची नाही."

जोसेटनं माझ्याकडे बघितलं. तो राग गेलेला नव्हता. तो एका दिवसात जावा असं मलाही वाटत नव्हतं. तिनं खिशातून गाडीची किल्ली काढली.

"चला," ती म्हणाली. "पण बोलायचं तुम्ही. मी बाहेर थांबते."